मुलाचे टॉन्सिल काढल्यावर पहिले पंधरा दिवस घरी काय अपेक्षित असतं?

रंकाळ्याकाठी

मुलगा ७ वर्षांचा, वजन २० किलो. पुढच्या गुरुवारी टॉन्सिल आणि अ‍ॅडिनॉइड (नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागातली गाठ) दोन्ही काढायचं ठरलंय. झोपेत जोरात घोरतो, मध्येच श्वास अडकतो, शिवाय वर्षभर घसा सुजून ताप येणं चालूच आहे. ऑपरेशनची माहिती नीट मिळाली, पण घरी आल्यानंतरचं "मऊ खायला द्या, आठवड्याने दाखवायला या" एवढ्यावरच आटोपलं.

दुखणं किती दिवस राहतं? नातेवाइकांपैकी कुणी म्हणतं तीन दिवसांत मुलं पळायला लागतात, कुणी म्हणतं चौथ्या दिवशी जास्त दुखतं. कोब्लेशनने करणार आहेत, त्यात दुखत नाही असं ऐकलं, खरं का? औषधं दुखेल तेव्हाच द्यायची की ठरलेल्या वेळी? सासूबाईंच्या मते आठवडाभर फक्त आइस्क्रीम आणि थंड दूध. आणि मुख्य म्हणजे त्याच्या पुढच्या शनिवारी, म्हणजे नवव्या दिवशी, देवगडजवळच्या गावी घरचं लग्न आहे. गाडीने घाट उतरून जायचं. न्यावं का?

---

कानगोष्टी

रंकाळ्याकाठी, चौथ्या दिवसाचं सांगणारे नातेवाईक बरोबर आहेत.

आधी जखम कशी असते ते पाहा, म्हणजे पुढचं बरंच आपोआप कळेल. पोटाच्या ऑपरेशनसारखे इथे वरून टाके घालून जखम बंद करत नाहीत. टॉन्सिल काढल्यावर पडजिभेच्या दोन्ही बाजूंना खोलगट, उघडी जागा राहते आणि तळाशी गिळण्याचा स्नायू असतो. ती तळातून वर भरत येते, साधारण दोन आठवडे लागतात. मूल दर घोटाला तोच स्नायू आवळतं, म्हणून दुखतं.

पहिल्या दिवशी भुलेचा आणि ऑपरेशनमध्ये दिलेल्या औषधांचा अंमल असतो. त्यातलं डेक्सामेथासोन सूज आणि उलट्या दोन्ही कमी ठेवतं. त्यामुळे मूल संध्याकाळी आइस्क्रीम खातं आणि घरच्यांना वाटतं, झालं! तो अंमल उतरला की दुखणं चढत जातं. तिसरा ते पाचवा दिवस बहुतेकांना सर्वांत जड जातो. खपली सुटू लागते तेव्हा, म्हणजे पाचव्या ते आठव्या दिवसाच्या आसपास, पुन्हा एक ठणका येऊ शकतो. दहाव्या दिवसानंतर उतार स्पष्ट दिसतो. तेव्हा "काल बरा होता, आज जास्त रडतोय" हे चौथ्या दिवशी झालं तर जखम चिघळली असं समजू नका.

खपली म्हणजे गुडघ्यावर धरते तशी तपकिरी नाही. घसा सतत ओला असल्यामुळे ती पांढरट, पिवळसर, कधी राखाडी थरासारखी दिसते. दुसऱ्या दिवसापर्यंत दोन्ही बाजूंना नीट दिसू लागते. बॅटरीने पाहणाऱ्याला हमखास पू वाटतो आणि मग अँटिबायोटिकसाठी फोन येतात. पू नाही तो. तो थर खरवडायचा नाही, पुसायचा नाही, कापूस लावायचा नाही. त्याच थरामुळे तोंडाला भयंकर वास येतो, आठवडा-दहा दिवस. अ‍ॅडिनॉइडही काढणार असल्याने वास नाकातूनही येईल. नुसत्या वासासाठी औषध लागत नाही.

कान दुखतो म्हणून मूल कानाला हात लावेल. कान चांगलाच असतो. घशाची आणि मधल्या कानाची संवेदना एकाच नसेच्या शाखा नेतात (मेंदूतून निघणारी नववी नस), म्हणून घशातलं दुखणं कानात जाणवतं. कानात तेल किंवा थेंब घालू नका, घशाच्या दुखण्याचं औषध दिलं की कानही थांबतो.

पडजीभ सुजून लोंबते, कधी जिभेला टेकते आणि मुलाला घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं. तीन-चार दिवसांत ओसरते. ती 'उचलायला' म्हणून मीठ-हळद लावलेलं बोट कुणीही घशात घालायचं नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण घरात कुणी ना कुणी जाणकार निघतोच.

आवाज काही दिवस नाकातून आल्यासारखा बदलतो. आधी टॉन्सिलने अडवलेली जागा मोकळी झालेली असते आणि मऊ टाळू दुखण्यामुळे पूर्ण वर उचलला जात नाही. त्यामुळेच कधी पाण्याचा घोट नाकातून येतो. काही आठवड्यांत हे थांबतं, महिना-दीड महिना उलटूनही चालू राहिलं तर दाखवा. जीभ बधिर वाटणं किंवा चव बदलणं हे ऑपरेशनभर जीभ दाबून ठेवणाऱ्या उपकरणामुळे होतं, तेही हळूहळू जातं. घोरणं लगेच थांबेल अशी अपेक्षा ठेवू नका. पहिला आठवडा सुजेमुळे ते वाढलेलंही वाटू शकतं. डोक्याखाली जास्तीची उशी द्या. मात्र झोपेत श्वास अडकणं आधीपेक्षा जास्त झालं किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जाऊ लागली तर थांबायचं नाही, थेट रुग्णालय. श्वास अडकणाऱ्या मुलांना पहिली रात्र रुग्णालयात देखरेखीखाली ठेवणं चांगलं, त्याबद्दल डॉक्टरांना आधीच विचारा.

पहिले दोन-तीन दिवस १०० ते १०१ ताप चालतो. १०१.५ च्या वर गेला आणि औषधाने उतरला नाही तर कळवा. मान थोडी आखडते, कारण ऑपरेशनमध्ये ती मागे वाकवलेली असते. पण मान एका बाजूला वाकडी झाली आणि मूल ती सरळच करू देत नसेल तर लगेच दाखवा. अ‍ॅडिनॉइड काढल्यानंतर क्वचित मानेच्या वरच्या मणक्यांचा सांधा सरकतो, तो नुसत्या शेकाने बरा होत नाही.

कोब्लेशनबद्दल: त्यात मिठाच्या पाण्यातून रेडिओलहरी वापरून कमी तापमानाला ऊतक काढतात. पहिले काही दिवस दुखणं थोडं कमी असू शकतं. 'दुखत नाही' हे मात्र जाहिरातीचं वाक्य आहे. जखम उघडीच राहते, खपली धरतेच, सुटतेच. इंग्लंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये २००३-०४ साली ३३ हजारांहून जास्त टॉन्सिल ऑपरेशनांची पाहणी झाली. त्यात उष्णता वापरणाऱ्या पद्धतींमध्ये नंतरचा रक्तस्राव साध्या शस्त्राने काढण्यापेक्षा जास्त आढळला. त्या वेळची उपकरणं वेगळी होती हे खरं, पण पद्धत कोणतीही असली तरी पुढचे पंधरा दिवस सावधगिरी तीच ठेवा. सर्जनचा हात ज्या पद्धतीवर बसलाय ती चांगली.

---

मात्रा-वेलांटी

औषधांच्या वेळा मी सांगते. दुखेल तेव्हा नाही, घड्याळाप्रमाणे. दुखू लागल्यावर दिलेलं सिरप काम करायला अर्धा-पाऊण तास घेतं, तेवढ्यात मूल तोंड मिटून बसतं आणि मग औषधच घेत नाही. पहिले पाच-सहा दिवस तरी न चुकता द्या, नंतर दुखणं पाहून कमी करा.

तुमच्या डॉक्टरांनी लिहिलेला डोस अंतिम, पण तो पडताळता यावा म्हणून हिशेब देते. पॅरासिटामॉल एका वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅम, सहा तासांनी. २० किलोला ३०० मिलिग्रॅम. आता बाटली पाहा. ५ मिलीत २५० मिलिग्रॅमचं सिरप असेल तर ६ मिली, ५ मिलीत १२० असेल तर साडेबारा मिली. एकाच नावाची दोन्ही ताकदींची सिरपं दुकानात शेजारी शेजारी असतात. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो: जुनी १२० ची बाटली संपते, नवीन २५० ची येते, माप तेच राहतं आणि डोस दुप्पट होतो. उलटं झालं तर निम्माच डोस पोचतो आणि मूल रात्रभर रडतं.

आयबुप्रोफेन किलोमागे १० मिलिग्रॅमपर्यंत, आठ तासांनी, खाल्ल्यानंतर. २० किलोला २०० मिलिग्रॅम, म्हणजे ५ मिलीत १०० वालं १० मिली. काही सर्जन रक्तस्रावाच्या शंकेने ते टाळतात. अमेरिकेतल्या ईएनटी सर्जनांच्या संघटनेची २०१९ ची मार्गदर्शिका मात्र मुलांना आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल किंवा दोन्ही द्या असंच सांगते. तुमच्या सर्जनने नको म्हटलं तर नको. मुलाला दमा असेल, किडनीचा त्रास असेल किंवा तो काही पीतच नसेल तर विचारल्याशिवाय देऊ नका.

दोन्ही लिहिली असतील तर वेळा अशा बसतात: पॅरासिटामॉल सकाळी ६, दुपारी १२, संध्याकाळी ६, रात्री १२. आयबुप्रोफेन सकाळी ८, दुपारी ४, रात्री १२. रात्री बाराला दोन्ही एकदम, दोन-चार घोट दुधाबरोबर. मुलाला एकदाच उठवावं लागतं आणि पहाटेपर्यंत निभतं. "झोपलाय तर झोपू दे" म्हणून तो डोस चुकवला की सकाळी सहाला कोरड्या घशाने उठलेलं मूल पाण्यालाही तोंड लावत नाही. कागदावर तक्ता करून फ्रिजवर चिकटवा आणि दिला की खूण करा, घरात औषध देणारी माणसं दोन-तीन असतात.

मिश्र सिरपांकडे लक्ष ठेवा. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेलं सिरप चालू असताना वेगळं पॅरासिटामॉल 'तापासाठी' दिलं तर डोस दोनदा जातो. सर्दीच्या बऱ्याच सिरपांतही पॅरासिटामॉल असतं.

आणि हे द्यायचंच नाही: अ‍ॅस्पिरिन (रक्तस्राव वाढतो, शिवाय मुलांमध्ये यकृत-मेंदूचा रेय सिंड्रोम होण्याचा धोका). निमेसुलाइड, जे १२ वर्षांखालच्या मुलांसाठी भारतात २०११ पासून बंद आहे तरी घरातल्या जुन्या डब्यात सापडतं. कोडीन असलेलं खोकल्याचं सिरप. काही मुलांचं यकृत कोडीनचं मॉर्फीन फार झपाट्याने करतं आणि झोपेत श्वास मंदावतो. टॉन्सिलनंतर मुलांना कोडीन देण्याविरुद्ध अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१३ साली सर्वांत कडक इशारा दिला, २०१७ मध्ये ट्रामाडॉलही त्यात आलं. आधीच झोपेत श्वास अडकणाऱ्या मुलाला हा धोका जास्त.

माप बाटलीच्या टोपणाने किंवा सुई नसलेल्या सिरिंजने. घरातला चमचा ३ मिलीचाही असतो आणि ७ चाही.

---

तिसऱ्या मजल्यावरून

सासूबाईंचं आइस्क्रीम चुकीचं नाही, पण आठवडाभर फक्त तेच नको. थंडाव्याने बधिरपणा येतो, मुलं आवडीने खातात, एवढाच त्याचा गुण. साधं व्हॅनिला द्या. काजू-पिस्त्याची कुल्फी नको, आणि गाडीवरचा काला-खट्टा गोळा तर नकोच: बर्फ कुठल्या पाण्याचा माहीत नाही, वर आंबट.

खाण्यापेक्षा पिण्याचा हिशेब ठेवा. दोन दिवस जेवला नाही तरी चालेल, प्यायला नाही तर चालत नाही. २० किलोच्या मुलाची दिवसाची गरज साधारण दीड लिटर, त्यात दूध, पेज, वरणाचं पाणी, सरबत सगळं धरायचं. जागेपणी दर अर्ध्या तासाला ५० मिली दिलं की तेवढं होतं. मोठा पेला भरून समोर ठेवला की मूल मान फिरवतं, औषधाच्या मापाने किंवा छोट्या वाटीने दिलं की पितं. स्ट्रॉबद्दल वेगवेगळी मतं आहेत. जोरात ओढू नये म्हणून आम्ही वाटीच सुचवतो. आठ तासांत लघवी झाली नाही, ओठ-जीभ कोरडे, रडताना डोळ्यांत पाणी नाही, मूल मलूल, यातलं काहीही असलं तर फोन करा. सलाइन लावावं लागेल, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण उशीर नको.

न पिण्याचं चक्र असं चालतं: गिळलं नाही की घसा सुकतो, खपली कोरडी पडून ताणते, स्नायू आखडतो आणि पुढचा घोट जास्त दुखतो. म्हणून औषध दिल्यावर अर्ध्या तासाने खायला बसवा, तोच काळ सर्वांत बरा असतो.

काय द्यायचं? पहिल्या दिवशी पाणी, गार दूध, नारळपाणी, गाळलेली तांदळाची पेज. उलटी झाली तर तासभर थांबून परत पाण्याच्या घोटापासून सुरू. ऑपरेशनच्या दिवशी एक-दोन उलट्या होतात, गिळलेलं जुनं रक्त काळपट कॉफीसारखं पडतं. दुसऱ्या दिवसापासून गुरगुट्या भात आणि वरण, वर तूप. नाचणीचं सत्व, रव्याची पातळ खीर, साबुदाण्याची खीर (खिचडी नाही, दाण्याचं कूट टोचतं), केळ्याचं शिकरण, मुगाची पातळ खिचडी, गोड ताजं दही, दुधात भिजवून कुस्करलेली पोळी. अंडं चालत असेल तर मऊ भुर्जी, मिरची न घालता. सगळं कोमट किंवा गार. चौथ्या-पाचव्या दिवसापासून थोडं चावायचंही द्या, इडली किंवा मऊ घावन. चावल्याने लाळ सुटते आणि जबडा मोकळा होतो. काही सर्जन तर पहिल्या दिवसापासून नेहमीचं जेवण द्या म्हणतात आणि त्यानेही नुकसान झालेलं दिसत नाही. मूल स्वतःहून भाजी-पोळी मागत असेल तर अडवू नका, तुकडे लहान करा.

दोन आठवडे टाळायचं ते चुरमुरे, फरसाण, चकली, टोस्ट, खाकरा, पापड, भाकरीचा कडक पापुद्रा, चिक्की. आंबटाने नुकसान होत नाही पण आग होते, म्हणून लिंबू, संत्रं, अननस, टोमॅटोचं सार, सोलकढी मागे ठेवा. कोल्हापुरात आहात, तेव्हा वेगळं सांगायला हवं: पंधरा दिवस तांबडा रस्सा मुलाच्या ताटात नको, पांढराही मिरी-लवंग घालूनच होतो. आणि लाल रंगाचं काही देऊ नका. गुलाबाचं सरबत, बीट, लाल जेली नको. उलटी झाली तर रक्त आहे की सरबत हे रात्री कळत नाही.

हळदीचं दूध कोमट असेल तर चालतं, फक्त पांढरा थर पिवळा झालेला पाहून दचकू नका. मध चाटवायलाही हरकत नाही.

दात दोन्ही वेळा घासायचे, मऊ ब्रशने, मागे न जाता. मग साध्या किंवा किंचित मीठ घातलेल्या कोमट पाण्याने चूळ. खळखळून गुळण्या पहिला आठवडा नकोत, खपलीला हिसका बसतो.

अ‍ॅडिनॉइडही निघणार आहे, म्हणून नाक शिंकरायचं नाही, आठवडाभर तरी. शेंबूड बाहेर आला की पुसायचा. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून. रात्री तोंडाने श्वास घेणारच, तेव्हा उशाशी पाणी ठेवा आणि पंखा थेट तोंडावर नको.

---

कानगोष्टी

गुळण्यांबाबत एक भर: काही सर्जन बीटाडीनच्या किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडच्या गुळण्या लिहून देतात. लिहिल्या असतील तर सांगितल्याइतकं पाणी घालूनच, हलक्या हाताने. न लिहिता स्वतःहून आणू नका. अँटिबायोटिकचंही तसंच, टॉन्सिलनंतर सरसकट देण्याने दुखणं किंवा रक्तस्राव कमी होत नाही.

---

रंकाळ्याकाठी

सगळ्यांचे मनापासून आभार, तक्ता आजच करते. पण लग्नाचं कुणीच बोललं नाही! सासरकडची माणसं म्हणतायत, नववा दिवस म्हणजे बराच झाला, गाडीत झोपून येईल.

---

भूलथापा

नेऊ नका.

टॉन्सिलनंतरचा रक्तस्राव दोन वेळी होतो. पहिला २४ तासांच्या आत, तेव्हा मूल बहुधा रुग्णालयातच किंवा जवळपास असतं. दुसरा खपली सुटताना, साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान. तुमचा शनिवार नेमका त्यात येतो. शंभरात मोजक्याच मुलांना होतो, पण ज्याला होतो त्याला कधीकधी पुन्हा भूल देऊन रक्तवाहिनी बंद करावी लागते. रात्री दोन वाजता घाटाखाली ईएनटी सर्जन आणि लहान मुलाला भूल देणारा डॉक्टर, दोघं एकत्र कुठे मिळतील, हा प्रश्न सासरच्या माणसांना विचारा. पंधरा दिवस ऑपरेशन झालेल्या रुग्णालयापासून अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरात राहावं. विमानप्रवास आणि सहलींनाही हेच लागू. शिवाय लग्नातली गर्दी: याच काळात सर्दी-खोकला झाला तर खोकल्याने खपलीवर ताण येतो.

२० किलोच्या मुलाच्या अंगात साधारण दीड लिटर रक्त असतं. वाटीभर गेलं तर ते त्याच्यासाठी थोडं नाही. मुलं बराच वेळ रक्तदाब टिकवून धरतात, फक्त नाडी जलद होते, आणि मग एकदम खचतात. म्हणून "हसतोय, खेळतोय" यावर विसंबू नये.

ओळखायचं कसं? पहिल्या दिवशी लाळेत गुलाबी छटा असते, ती चालते. त्यानंतर तोंडातून किंवा नाकातून ताजं लाल रक्त, कितीही थोडं, कितीही लवकर थांबलेलं असो, रुग्णालयात जायचं. मोठ्या रक्तस्रावाआधी असा लहानसा इशारा येऊ शकतो. झोपेतलं फसवं असतं: मूल रक्त गिळत राहतं आणि बाहेर काही दिसत नाही. झोपेत वारंवार गिळल्याचा आवाज, अस्वस्थपणा, फिकट चेहरा, मग एकदम लाल किंवा गडद उलटी. पाचव्या ते दहाव्या रात्री एका मोठ्या माणसाने त्याच्या शेजारी झोपावं.

रक्त आलंच तर बसवा, पुढे झुकवा, भांड्यात थुंकू द्या. आडवं झोपवू नका, गिळायला सांगू नका. गार पाण्याने हलकी चूळ भरता आली तर भरू द्या. घशात कापूस, बोट, चमचा काही घालायचं नाही. जमलेली गुठळी ओढायची नाही, ती रुग्णालयात काढतात. खायला-प्यायला काही देऊ नका, कारण भूल द्यावी लागू शकते आणि पोटात आधीच गिळलेलं रक्त असतं. भूल देताना ते उलटून श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. डिस्चार्ज कार्ड सोबत घ्या, निघतानाच फोन करा म्हणजे ओटी तयार ठेवतील. रक्त धारेने येत असेल किंवा मूल पांढरंफटक, घामेजलेलं दिसलं तर १०८ लावा. कोणी गाडी चालवायची, डिस्चार्ज कार्ड कुठे ठेवलंय, रात्री रुग्णालयाचं कोणतं दार उघडं असतं, हे आधीच ठरवून ठेवा.

---

रात्रपाळी

इथेच विचारतो. वय ३४, एमआयडीसीत शिफ्टचं काम, वजन उचलावं लागतं. माझंही टॉन्सिलचं ऑपरेशन सांगितलंय. सुट्टी किती टाकू? गोळ्या गिळता येतात का? आणि तंबाखू किती दिवस बंद?

---

कानगोष्टी

मोठ्यांना मुलांपेक्षा जास्त दुखतं आणि जास्त दिवस दुखतं. रक्तस्रावाचं प्रमाणही मोठ्यांत अधिक. वारंवार सूज येऊन टॉन्सिल भोवतीच्या स्नायूला चिकटलेले असतात, ते सोडवताना जखम मोठी होते. पूर्ण दोन आठवडे रजा टाका. त्या काळात वजन उचलणं, व्यायामशाळा, पोहणं बंद. कंत्राटी काम असेल तर आधीच फिटनेस सर्टिफिकेटचं विचारून ठेवा.

गोळ्या: पॅरासिटामॉल ५०० च्या दोन, दिवसातून चार वेळा, म्हणजे २४ तासांत ४ ग्रॅमची मर्यादा. वजन ५० किलोच्या खाली, रोजचं मद्यपान किंवा यकृताचा त्रास असेल तर मर्यादा याहून कमी, डॉक्टरांना विचारा. आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५ ची जोडगोळी घेत असाल तर तिच्यातलं ३२५ ही मोजा. पाण्यात विरघळणारी पॅरासिटामॉलची गोळी मिळते, ती सोपी जाते. साधी गोळी दह्याच्या किंवा केळ्याच्या घासात घालून गिळता येते. हळूहळू औषध सोडणाऱ्या गोळ्या मात्र कुटायच्या नाहीत. बेंझिडामिनच्या गुळण्या जेवणाआधी केल्या तर काही वेळ घसा बधिर राहतो. ट्रामाडॉल लिहून दिलं तर बद्धकोष्ठ आणि गरगरणं येतं, त्यावर गाडी किंवा मशीन चालवू नका.

तंबाखू, मावा, गुटखा, विडी: पंधरा दिवस पूर्ण बंद, ऑपरेशनआधीही जितके दिवस जमेल तितके. चुन्याने उघडी जखम भाजते आणि निकोटीनने रक्तपुरवठा आवळला जाऊन भरायला वेळ लागतो. दारूही नको, पॅरासिटामॉल चालू असताना तर नाहीच. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सर्जनला आधी सांगा, मनाने थांबवू नका.

आणखी एक, जे बरेच जण विसरतात. मोठ्या माणसाचा एकच टॉन्सिल दुसऱ्यापेक्षा बराच मोठा असेल तर काढलेला तुकडा तपासणीला पाठवतात. तो पाठवला का ते विचारा आणि रिपोर्ट हातात घ्या. तंबाखू खाणाऱ्याने तर नक्कीच.

---

रंकाळ्याकाठी

लग्न रद्द, मी आणि तो घरीच राहू. शेवटचे दोन प्रश्न. टॉन्सिल गेल्याने प्रतिकारशक्ती कमी होते का? आणि शाळा कधी?

---

तिसऱ्या मजल्यावरून

शाळा दोन आठवड्यांनी. पीटी आणि मैदान त्याच्याही नंतर, सर्जनने पाहून हो म्हटलं की. घरात बैठे खेळ पहिल्या आठवड्यातही चालतात, उड्या नकोत.

प्रतिकारशक्तीची काळजी नको. मानेतल्या इतर गाठी, जिभेच्या मुळाशी असलेलं तसंच ऊतक, सगळं जागेवर असतं. सर्दी-खोकला मात्र टॉन्सिल काढल्यावरही होतो.

---

भूलथापा

सात वर्षांचा आहे म्हणून विचारतो: एखादा दुधाचा दात हलतोय का? हलत असेल तर भूल देण्याआधी सांगा, कोणता तेही दाखवा. तोंड उघडं ठेवणारं उपकरण पुढच्या दातांवर टेकतं. फारच सैल असेल तर झोपल्यावर तो आधीच काढून घेतात, नाहीतर मध्येच निखळून श्वासनलिकेत जाऊ शकतो. आणि ऑपरेशनच्या आधल्या आठवड्यात ताप किंवा ओला खोकला झाला तर लपवू नका. तारीख पुढे जाईल, बाकी काही बिघडत नाही.

---

रंकाळ्याकाठी

वरचा, मधल्याच्या शेजारचा डावीकडचा. जिभेने ढकलला तर आडवा होतो. उद्याच फोन करून सांगते.